सोवळ्याखालची पिशवी

१८ जून
डॉ. म्हणाले, कॅन्सर अगदी खाली आहे, शौचाची जागाच काढावी लागेल. पोटावर डाव्या अंगाला वाट करायची, तिथं पिशवी. कायमची.
"नाही केलं तर?"
त्यांनी सौ.कडे पाहिलं. समजलो.
रिक्षात डोक्यात एकच, गाभाऱ्यात जाता येईल का. मरणाचं नंतर आठवलं. पिढीजात गुरव आम्ही, दुसरं येतं काय?

२१ जून
अण्णाच्या कानावर घातलं. थोरला चुलतभाऊ. देवळातली पूजा सहा महिने त्याच्याकडं, सहा महिने माझ्याकडं. मार्गशीर्षापासून माझी पाळी.
"आपरेशन कर बाबा. पर पोटाला घाण बांधून गाभाऱ्यात? रीत हाय का ही?"
घाण तुझ्याही पोटात आहेच की. हे मनात. तोंडानं "बघू".

२ जुलै
ऑपरेशन करायचं ठरवलं. सौ. म्हणाली, "देव नंतर. आधी तुमी राहा."
नर्सनं पेनानं पोटावर पिशवीच्या जागेची खूण केली. उठवलं, बसवलं, वाकवलं. घरी येऊन सोवळं नेसून पाहिलं, तर खूण नेमकी गाठीखाली दबलेली. दवाखान्यात जायचं म्हणून पँट घालून गेलो होतो. पँट पोटाखाली बसते, सोवळं बेंबीवर. जन्म सोवळ्यात गेला आणि मापाला पँट. शहाणाच मी.

३ जुलै
सौ.नं सोवळं पिशवीत घातलं आणि मला दवाखान्यात नेलं. नर्ससमोर नेसलो. ती हसली नाही. खूण वर सरकवली. म्हणाली, "आधी सांगायचं की काका."
म्हणजे परत पूजेला बसायचं मी ठरवलंच होतं तर.

१६ जुलै
झालं. पिशवी पहिल्यांदा पाहिली. तिच्याआड त्या वाटेचं तोंड, लालभडक, ओलं काहीतरी. दुखत नाही. मान फिरवली. सौ.नं नाही फिरवली.

९ सप्टें.
पिशवी आता स्वतः बदलतो. गवारीनं पोट गुरगुरतं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोसते, मात्र चावून चावून.

२६ ऑक्टो.
मंगळवेढ्याला साखरपुडा. एस्टीनं गेलो, पंगतीत जेवलो. कुणाला कळलं नाही. जेवताना माझ्याही ध्यानात नव्हतं. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

१२ नोव्हें.
अण्णाकडं गेलो. शर्ट वर करून दाखवलंच. त्यानं नीट पाहिलं. मग चहा सांगितला.

२० नोव्हें.
उद्यापासून माझी पाळी. अण्णा सकाळी स्वतः किल्ली घेऊन आला. "देवाचं देव बघंल. लोकास्नी सांगत बसू नको म्हंजे झालं." माझ्या डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही.
सोवळं नेसून पाहिलं. गाठ बरोबर पिशवीच्या खाली बसते.
सून कालपासून बाजूला बसली आहे. सौ.नं तिला ताट नेऊन दिलं आणि परत येऊन मला म्हणाली, "तुमी पिशवी बांधून आत जाणार. मग ही का बाहीर? मी का बसले इतकी वर्सं?"
म्हटलं, रीत आहे.
"व्हय. अण्णा बी रीतच म्हणत हुते की."
राग आला तिचा. लाजही वाटली. उद्यासाठी सोवळं धुऊन वाळत घालायचं कामही सौ.च करणार आहे.