डॉक्टरीणबाईंची चौकोनी पाटी

ती. मामा,

तुम्हाला नमस्कार आणि मामीला वेगळा नमस्कार (एकात उरकलेला तिला चालत नाही). गुडघा कसा आहे? खोकला? डोळ्यांचं विचारत नाही, कारण ते विचारलं की तुम्ही विषय बदलता. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचा, हवं तर मामीकडून वाचून घ्या.

तर, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावरची माझी पाटी उतरवायचं घाटतंय, आणि मी ती उतरवू देणार नाही. (पाटी लागली त्या दिवशी तुम्ही आला होतात. त्यावर नंतर येते.) जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी अक्षरं आहेत ती, ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरून बसवलेली. वळण आलं की पायऱ्या. 'डोळे'मधल्या 'ळ'शी झटापट करण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. शेवटी तो चष्म्यासारखा दिसायला लागला, तेव्हा बाई खूश झाल्या.

ती खुशी फार टिकली नाही. रस्त्यानं जाणारी माणसं पाटी बघून थबकायची, डोळे चोळायची, एक डोळा मिटून बघायची आणि घाबरून आत शिरायची. बाकं पुरेनात म्हणून कंपाउंडरनं घरून स्टूल आणलं. बाई तपासतात तर एकूणएकांचे डोळे ठणठणीत. एका शिंप्यानं तर तिथल्या तिथे सुई ओवून दाखवली, तरी 'मला अक्षरं कुरतडलेली दिसतात' म्हणून तो हटेना. आणि ज्यांना खरोखर चष्मा हवा, त्यांना पायऱ्या दिसतच नाहीत. त्यांना पाटी गुळगुळीत दिसते आणि ते खुशाल पुढे निघून जातात. बाई म्हणाल्या, "अगं, तुझी पाटी धडधाकट माणसं आत ओढते आणि माझे पेशंट घरी पाठवते." (मामा, एका पाटीनं याहून चोख काम काय करायचं?)

कंपाउंडर शिडी घेऊन आला, तेव्हा मी त्याच शिडीवर बसून डबा खाल्ला. निम्मा त्यालाही दिला. अखेर बाई नमल्या. माझा एक खास पेशंट येऊन जाईपर्यंत पाटी राहील, मग तिचं काय करायचं ते त्या ठरवतील. तो पेशंट मी आणणार म्हणजे आणणार.

तुमची, तुमच्याइतकीच हट्टी,
भाची

ता. क. मामी सांगत होती, हल्ली पाटी रंगवताना तुम्ही नाक टेकवता आणि जेवायला निळ्या मिशीनं बसता. चष्मा म्हटलं की घर डोक्यावर घेता. शनिवारी सकाळची तुमची वेळ घेऊन ठेवली आहे.

आणखी एक ता. क. 'ज्याला गोलाई नाही ते अक्षर नव्हे, खोकं,' असं तुम्हीच मला शिकवलंत. पाटी लागली त्या दिवशी तिच्यासमोर उभे राहून तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "वा, काय घोटीव, गोल अक्षर! माझं वळण उचललंस." इतकी तारीफ तुमच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. घरी येऊन मी रडले. मामा, त्या पाटीवर गोल असं काहीच नाही.