ओठांतल्या टाचण्या

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात नमस्काराने करावी असं अण्णांनी बजावलंय, म्हणून आधी नमस्कार. पत्र लिही हेही त्यांनीच सांगितलं. माझे फोन तू घेत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा दुसरा मार्गही उरलेला नाही. शाळा सुटल्यापासून मी कागदावर सलग असं काही लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नकोस.

इकडे सगळं ठीक. अण्णांचा गुडघा थंडीमुळे कुरकुरतोय, पण डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतात. म्हणजे मी बघत असलो की करतात. मागच्या बाल्कनीची खोली करून घेतली होती ना, तिला भिंतीभर स्पंज चिकटवलाय. आता माझा आवाज बाहेर जात नाही. अण्णा म्हणतात, ‘चला, घरात एक तरी सोय झाली.’

तुमच्या गेमबद्दल थोडं. तू रागावली आहेस हे कळतं. पण माझं कामच ते आहे गं. नवा गेम आला की पहिले काही तास खेळायचा आणि कसा वाटला ते व्हिडिओ करून सांगायचं. लोक मला ‘खवट’ म्हणतात ते उगाच नाही, ते खवटपणासाठीच येतात. तुमच्या कंपनीने गेम बाजारात यायच्या आधी सगळ्यांना पाठवला, तसा मलाही. सगळ्यांची पहिली मतं एकाच दिवशी एकाच वेळी बाहेर पडणार होती. तेव्हा हातात वेळच किती होता?

आणि मी चांगलंही बोललोय. डोंगर सुंदर आहेत म्हणालो. दिसेल त्या दिशेला चालत सुटावं आणि कुणी अडवू नये, हे फार दिवसांनी अनुभवलं म्हणालो. मेंढ्या पावसात झाडाखाली दाटीवाटीने उभ्या राहतात ते आवर्जून दाखवलं. त्या नदीकाठच्या म्हातारीचीच काय ती थोडी थट्टा केली. झोपडीत शिरावं तेव्हा ती मान वर न करता जाळं विणत तेच वाक्य म्हणते, ‘आलास? दार लाव, वारा शिरतोय.’ किती वेळा गेलो तरी तेच. ते तुकडे मी एकापुढे एक जोडले, मध्ये मीही एकदोनदा तिच्यासारखं बोललो, खाली तबला टाकला. हसू येण्यासारखं झालं होतं खरं. ते इतकं पसरेल हे कुणाला ठाऊक होतं? आता कुठल्याही गेमबद्दल काही लिहिलं तरी खाली कुणीतरी ‘दार लाव’ लिहून जातो.

ते आईचं वाक्य होतं, हे मला खरंच लक्षात आलं नाही. आईला जाऊन इतकी वर्षं झाली. आणि खेळताना डोकं दहा ठिकाणी असतं. अण्णांनी सांगितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा वाईट वाटलं, ते सांगायलाच हे पत्र.

एक विचारायचं होतं. अण्णा हल्ली तुझा गेम खेळतात. त्यांना बटणं जमत नाहीत, घोडा सारखा कुंपणात शिरतो, पण सकाळी पेपर वाचून झाला की बसतात. त्या झोपडीत जातात, म्हातारीचं वाक्य ऐकतात आणि बाहेर येतात. पुढे जातच नाहीत. मागच्या आठवड्यात गेमची पहिली दुरुस्ती आली आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी बोलेनाशी झाली. नुसती मान हलवते. अण्णा पुन्हापुन्हा आत-बाहेर करत होते. मग मला हाक मारून म्हणाले, ‘माझ्या हातून काही बिघडलं का रे?’

कंपनीने ते वाक्य काढायला लावलं असेल तर मला वाईट वाटतं. वरच्या लोकांना लोकांच्या हसण्याची भीती वाटते, तुला माहीतच आहे. तब्येतीला जप.

तुझा,
भाऊ


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. अण्णांना सांग, त्यांच्या हातून काही बिघडलेलं नाही.

वाक्य काढायला मला कुणी सांगितलं नाही. उलट आमच्या साहेबांना ते हवं होतं. फुकट जाहिरात होतेय म्हणत होते, टी-शर्टवर छापू या म्हणत होते. ते मी काढलं, माझ्या हाताने. आमच्या ऑफिसात माझ्यामागे बसणारी चित्रकार तुझा व्हिडिओ लावून खळखळून हसली. तिला काय माहीत? मीही तिच्याबरोबर हसले. घरी आल्यावर कळलं की आता ते वाक्य आठवलं की मला आईचा आवाज येत नाही, तुझा येतो. मग ठेवून काय करू?

लक्षात आलं नाही म्हणतोस. ज्या बाईंनी म्हातारीला आवाज दिला, त्या वाक्य स्वच्छ बोलल्या आहेत. शब्दन् शब्द मोकळा. मी त्यांना आईबद्दल काही सांगितलं नव्हतं, माझ्याच्याने सांगवलं नाही. पण तुझ्या व्हिडिओत तू ते बोललास तेव्हा ओठ मिटून बोललास. ‘दाऽ लाव’ असं, र गिळून. आई शिवणाच्या मशीनवर बसलेली असताना, ओठांत टाचण्या धरून बोलायची, तसं.

गेममध्ये टाचण्या नाहीत. त्या तू कुठून आणल्यास?

मी तुला एकच गोष्ट सांगितली होती, नदी ओलांडून परत गावात आल्याशिवाय बोलू नकोस. तू व्हिडिओत म्हणालास, नदीपलीकडे जाऊन आलोय, तिथेही नवीन काही नाही. कोण किती खेळलं हे आम्हाला दिसतं. तुझी होडी काठावरून हललेलीच नाही.

अण्णांची औषधं वेळेवर दे.

ताई


मंगळवार, २ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर तसाच हिंडलो. वाण्याकडे गेलो, साखर घ्यायची ती मीठ घेऊन आलो. उत्तर लिहायला बसलो की सारवासारवच लिहून व्हायची. चार कागद फाडले. आता जसं आठवेल तसं लिहितो.

मी ओळखलं होतं. पहिल्याच वेळी ओळखलं.

झोपडीत शिरलो, तिने वाक्य म्हटलं आणि मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो. नळ मोठा सोडला आणि सिंकमध्ये तोंड धूत राहिलो, कारण अण्णा बाहेरच्या खोलीत होते. सहावीत असताना मी दार उघडं टाकून आत यायचो आणि आई मान वर न करता म्हणायची, ते सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. परत जाऊन बसलो. तिच्याजवळ कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. पुन्हापुन्हा आत गेलो ते विनोदासाठी नाही गेलो, ऐकायला गेलो. जे तुकडे मी पुढे जोडले ते त्या दिवसाचेच आहेत.

मग असं का केलंस म्हणशील. मी स्वतःला रोज विचारतो. इतरांची मतं कशी येणार आहेत याची कुजबुज आमच्यात चालू होती. गावातली माणसं तेच तेच बोलतात, यावर सगळे तुटून पडणार हे दिसत होतं. त्यात मी एकटाच म्हणणार, मला आवडलं, मला रडू आलं? आणि उद्या कुणी शोधून काढलं की बनवणारी याची सख्खी बहीण आहे? आधीच उघड सांगायला हवं होतं किंवा हा गेम मी घ्यायलाच नको होता. दोन्ही केलं नाही.

पण हेही पूर्ण खरं नाही. खरं हे की मला तुझा राग आला होता. आई माझीही होती. तू तिला उचलून एका नदीच्या काठी बसवलंस आणि मला विचारलंही नाहीस. तू आईचं काहीतरी केलंस, आणि मी इतक्या वर्षांत काय केलं, तर भिंतीला स्पंज लावून लोकांच्या कामाला नावं ठेवली. व्हिडिओ करताना तिच्यासारखं बोलू या असं मनात आलं, आणि ओठ आपोआप मिटले. टाचण्या आल्या. पहिल्यांदा बोललो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण ऐकायला मजेदार लागत होतं. म्हणून पुन्हा बोललो, जरा जास्त ओढून. जगात ती नक्कल तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला करता आली नसती, आणि मी तिचं हे केलं.

अण्णांना कसं कळलं हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला गेले होते. दुकानात जो येईल त्याला न्हावी म्हणत होता, ‘दार लाव, वारा शिरतोय,’ तेही ओठ मिटून, माझ्यासारखं. बसलेले सगळे हसत होते. अण्णांच्या तोंडाला साबण फासलेला. त्यांना वाटलं, भास झाला. तेव्हा न्हाव्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि कौतुकाने म्हणाला, ‘काका, तुमच्याच चिरंजीवांचं आहे की हे.’

घरी येऊन त्यांनी मला एकच विचारलं, ‘तुला ओळखू आलं नव्हतं ना?’ मी म्हणालो, ‘नाही.’ त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, ताई. ते म्हणाले, ‘मला वाटलंच.’

गेल्या आठवड्यात मी त्यांना खरं सांगितलं. ते बटाटे सोलत होते. सोलायचे थांबले नाहीत. सगळे सोलून झाले, सालं कागदात गुंडाळली, मग म्हणाले, ‘मी तिला फोनवर सांगितलं होतं, त्याला कळलं नसेल गं, त्याच्यावर रागावू नकोस. म्हणजे तू मलाही खोट्यात पाडलंस.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘ते तिला लिही. माझं बोलणं मागे घेतलंय म्हणून लिही.’ तर ते लिहिलं.

व्हिडिओ काढून टाकला, पण त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्यात, त्या माझ्या हातात नाहीत. दुसरा एक साधा व्हिडिओ टाकला. त्यात तबला नाही, काही नाही. मी नदी ओलांडली नव्हती आणि ओलांडली म्हणून खोटं बोललो, हे सांगितलं. ज्या बाईची नक्कल केली ती माझी आई, हेही सांगितलं. तुझा उल्लेख केला नाही, पण लोक शोधतील, त्याचा त्रास तुला झाला तर तोही माझ्याच खाती. माझे व्हिडिओ बघणारे काही सोडून गेले. काहींनी लिहिलं, नवं नाटक. एकाने अगदी आपुलकीने लिहिलं, ‘काही म्हण, नक्कल मात्र झकास होती.’ शिव्यांपेक्षा ते झोंबलं.

आणि मी नदी ओलांडली. पलीकडची शहरं, लढाया, तो आंधळा सुतार, सगळं केलं. मग तू म्हणाली होतीस तसा परत आलो. गावातली माणसं म्हातारी झालेली, पोरं मोठी झालेली. जे तेच तेच बोलायचे ते आता वेगळं बोलतात, आणि काही जण नाहीतच. झोपडी रिकामी. जाळं अर्धं विणलेलं खुंटीला. आणि दार वाऱ्यावर आपटतंय. जवळ गेलो तर पडद्यावर एवढंच आलं, ‘दार लावा.’ दुसरं काही करता येत नाही तिथे.

मी दार लावलं. आवाज बंद झाला.

तेव्हा मला कळलं, ते वाक्य इतक्या वेळा का होतं. आता ते नाही, त्यामुळे नवीन खेळणारे लिहितायत की त्या झोपडीचं दार बिघडलंय, सारखं आपटतं, कुणीतरी दुरुस्त करा. ते बिघडलेलं नाही असं मी जमेल तिथे लिहितो. वाक्य परत घाल असं म्हणायला मला तोंड नाही. म्हणतही नाही.

अण्णा अजून खेळतात. माझ्याशी बोलतात ते गॅस, दूध, औषध एवढंच. पूर्वी अडलं की मला हाक मारायचे, आता अडले तर तसेच बसून राहतात. झोपडीत जायचं त्यांनी सोडलंय. परवापासून नदीच्या काठावर उभे आहेत, त्यांना होडी सोडता येत नाहीये. मला येतं सांगता. दारात उभा राहून एकदा तोंड उघडलंही, तर ते कंट्रोलर मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हा तू त्यांना फोन करून सांगशील का, आधी दोर सोडायचा आणि मग वल्ह्याचं बटण दाबून धरायचं? ते सकाळी पेपरनंतर बसतात. त्या वेळी मी खाली जाऊन थांबत जाईन, म्हणजे तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल.

मला माफ कर असं लिहून खोडलं. ते तुझ्या हातात आहे, मी कशाला मागू. मी केलं ते मला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे, एवढं आता तरी आपल्यात खरं असू दे.

तुझा आणि आईचा,
धाकटा