टिओंच्या आईची कबर

४ मार्च २००३, रीडिंग
ऑफिसात नवी फाइल. पॅसिफिकमधला एक एवढासा बेटांचा देश बड्या देशांवर दावा लावणार. तुमच्या धुरानं समुद्र चढतोय, आमची जमीन जातेय. सॉलिसिटरबाई भलत्याच खूश. साक्षीदारांचे जबाब मी लिहून घ्यायचे. पहिले टिओ. मूळ त्या बेटांवरचे, साठीचे, इथंच वृद्धांच्या केअर होममध्ये कामाला.

११ मार्च
टिओ आले. त्यांच्याकडे माणसाला दारातच पुरतात. सकाळी उठून कबरीवरचा पाचोळा झाडायचा, मग चहा. गेल्या मोठ्या भरतीत आईची कबर गेली. भावानं फोनवर सांगितलं, हाडंसुद्धा सापडली नाहीत.
मी धीर द्यायला गेले. म्हटलं, आमच्यात अस्थी पाण्यातच सोडतात, शांती मिळते. जीभ झडो माझी.
"तुम्ही सोडता. आमच्याकडून नेलं." कोट उचलला आणि गेले. सही राहिली.

१२ मार्च
नवऱ्याला सांगितलं. समीर म्हणे, "अगं, सॉरीचं कार्ड पोस्ट कर ना, सिम्पल!" याला सगळंच सिम्पल.
बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसासाठी दिलेला, जाता आलं नाही. दादानं हरिहरेश्वरला अस्थी सोडल्या, फोनवर म्हणाला, "झालं सगळं नीट." मी कुठे सोडलं होतं? आणि शांती म्हणे! वर्ष झालं, मला अजून मिळायचीय.

१८ मार्च
केअर होमवर गेले. टिओ एका आजोबांना सूप भरवत होते. माफी मागायची सोडून मी बाबांचंच सांगत बसले, रडले. टिओंनी आजोबांचा नॅपकिन दिला.
"पुन्हा लिहा. 'नेलं' असंच लिहा."

२ जून
जबाब टाइप करून तयार, आणि तिकडे निवडणूक होऊन सरकार बदललं. दावा नको म्हणतात. मदत देणाऱ्या देशांना दुखवायचं नाही. बाई शांतपणे, "नीता, फाइल बंद कर."
इतका संताप आला. टिओंना सांगणार कोण? मीच.

४ जून
सांगितलं. टिओंनी ऐकून घेतलं. मग, "जबाब आणलाय?"
चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. सही केली, तारीख घातली.
"आता हा कुठे जाणार?"
"फाइलला."
"मग ती बंद करू नका."
मी हो म्हणाले. कोणत्या अधिकारानं, देव जाणे.

९ जून
बाईंनी दोनदा विचारलं. करते म्हटलं. फाइल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सकाळी आल्या आल्या बाहेर काढली, हातानं झाडली. मग चहा केला.