मागच्या रांगेपर्यंत

यिशुन, सिंगापूर, ४ मार्च २०२५

ती. बाबांस, शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमचं तिकीट काढलं आहे. दादाचं जहाज अजून गोदीत आहे, तो विमानतळावर येईल.

जिथून निघून आले त्या देशाचं नाव मी पत्रात अजूनही लिहीत नाही. माझे विद्यार्थी तिथेच आहेत. सरकारविरोधी पत्रकावर सही केली आणि माझे कार्यक्रम बंद झाले. घरात वाजवलं तरी शेजाऱ्यांनी कळवायचं, असा हुकूम होता. आठ वर्षं पियानोत ब्लँकेट कोंबून, भिंतीपलीकडे जाणार नाही एवढंच वाजवलं. इथे सरावाला बसले की मधुरावहिनी स्वयंपाकघरातून विचारते, सुरू केलंस का? इरा म्हणते की आत्या, इथे फार तर खालचे अंकल तक्रार करतील, पोलीस नाही येणार ला. (हे ‘ला’ इथलं, ती प्रत्येक वाक्याला जोडते.)

तिथून सुटल्यानंतरचा हा पहिला कार्यक्रम. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली आहे.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची उल्का

पुणे, २ एप्रिल

चि. उल्का हिस, अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. मधुराने दिलेली नारळाच्या जॅमची बाटली बॅगेत फुटली. माझे सगळे सदरे गोड झाले आहेत.

खरं सांगतो, कार्यक्रमात मला काही ऐकू आलं नाही. बोटं मात्र डोळे भरून पाहिली. दोष कानांचा. मशीन बदलून घेतो आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा येतो. तुझी आई असती तर तुझी दृष्ट काढली असती.

जेवणाची हेळसांड करू नये.
तुझे बाबा

यिशुन, ११ एप्रिल

ती. बाबांस, शि. सा. न.

मशीन बदलू नका. ते नीट आहे. त्या दिवशी कुणालाच धड ऐकू आलं नाही. मध्यंतरात मागच्या रांगा उठून गेल्या. आयोजक सौम्यपणे म्हणाले, माइक लावायला हवा होता.

मी जोरात वाजवते आहे असंच मला वाटत होतं. अजूनही रोज प्रयत्न करते. खांदेच हात आवरून धरतात.

पुढचे दोन्ही कार्यक्रम रद्द केले. दादा चिडला. म्हणाला, त्यांची बंदी संपली, आता तूच चालवते आहेस. त्याला काय सांगू?

रागावू नका.
तुमची उल्का

पुणे, २४ एप्रिल

चि. उल्का हिस, अ. उ. आ.

मशीन बदलणार नव्हतोच. तू वाजवत होतीस तेव्हा माझ्या मागच्या बाईंनी चॉकलेटचा कागद उलगडला. तो मला स्पष्ट ऐकू आला. तेव्हाच कळलं. तुला बोल लावायचा नव्हता, म्हणून कानांना लावला.

निशिकांतला हे पत्र वाचायला दे. त्याने पुन्हा तसं बोलू नये.

कार्यक्रम रद्द केलेस, ते बरोबर केलंस. हे वाक्य लिहिण्याआधी मी दोन कागद फाडले.

तुझे बाबा