मेणाची दाढ

बमरोली, मंगळवार, चैत्र १९९६

आज जीव थाऱ्यावर नाही. माझी नात सुनंदा दातांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिथे आधी मेणाच्या दाढा कोरायला शिकवतात, खऱ्या माणसाला हात नंतर. कालपासून खपून तिने हुबेहूब दाढ केली, वरच्या खड्ड्यांसकट. कापडाच्या लूमवर राबणाऱ्या आमच्या घरात असं कोणी केलंय का? आनंदाने मी ती शेजारणींना दाखवून आले आणि दिवाबत्तीला देवापुढे ठेवली. समईच्या अगदी जवळ. मेण ते, मला कळू नये? आरती होईपर्यंत दाढ वाकली, खड्डे गेले. हातभर लांब ठेवली असती तर?

"आजी, हाई काय करं व तू? उद्या सरांना दाखवायचीय!" एवढंच बोलली. रागावली असती तर बरं. नवं मेण घेऊन बसली. मी म्हटलं, माझ्या तोंडात बघून कोर, आणि आ करून बसले. तिने बॅटरी मारून बघितलं आणि डोळ्यांत पाणी असताना हसली. "आजी, तीच दाढ पडलीय तुझी."

मी तोंड मिटलं आणि तिला चहा ठेवला. दुसरं काय येतं मला?