इजाजत न घेता बसवलेलं इंजिन

उस्ताद, तुम्ही गेल्यावर बीडचं तुमचं गॅरेज मोडलं, तिथं आता मोबाइलची दुकानं झालीत, आणि मी इकडं मांजरसुंब्याजवळ रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून म्हातारा झालो. सातवीत शाळा सुटली तशी लिहायची सवयही सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. बोल्ट आवळला तरी मी पुन्हा पुन्हा पाना लावून बघायचो आणि तुम्ही वैतागून म्हणायचात, "अबे, त्याला दम तर घेऊ दे!" तो स्वभाव गेला नाही, उलट वाढला. रात्री दाराला कडी लावली की नाही हे बघायला मी उठतो, आणि बघून आल्यावर नीट बघितलं की नाही याची काळजी करत पडतो. पण आज जी काळजी लागली आहे ती माझ्या स्वभावाची नाही. ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

माझी एकुलती पोरगी तुम्ही पाहिली नाही. ती पुण्याकडं चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे, नवीन गाड्या तपासायच्या खात्यात. तिची आई गेल्यावर तिचं घरी येणं कमी झालं. दिवाळीला बसनं यायची, दुसऱ्या दिवशी पिशवी उचलायची. आमच्यात बोलायला विषयच नव्हता. मग तिनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. जपानी, दोन दारांची, इतकी खाली बसलेली की आत शिरताना मला गुडघ्यावर हात ठेवून देवाचं नाव घ्यावं लागतं. ती घेऊन पोरगी शेडात आली आणि पत्र्यावर खडूनं लिहायला लागली. म्हणाली, "अण्णा, आत्ता दीडशे हॉर्सपॉवर आहे. मला तीनशे पाहिजे. आणि रोज कामावरपण नेता आली पाहिजे."

मी म्हणालो, "मग विमानच घे की."

"विमानाला बँक कर्ज देत नाही."

उस्ताद, त्या दिवशी कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो. त्यानंतर ती दर शनिवारी यायला लागली. पैसा बेताचा, म्हणून नुसता विचारच जास्त चालायचा. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो लावला की पेट्रोल जास्त लागणार, म्हणजे पंप आणि इंजेक्टर आले. ताकद वाढली की उष्णता वाढणार, तिला थंड करायला पुढं मोठा कूलर आला. तेवढं होईपर्यंत आतले पिस्टन आणि रॉड म्हणणार, आम्हाला झेपत नाही. ते बदलले की क्लच घसरणार. एकाला खायला घातलं की दुसरं रडायला लागतं, असं ते घर. मी म्हणालो, "आधी ब्रेक आणि टायर बघ." ती म्हणाली, "सगळ्यात वर तेच लिहिलंय, अण्णा. चष्मा लावा." खरंच लिहिलेलं होतं. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं, हे बघून बरं वाटायचं.

मग तिला पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडं अशीच एक गाडी सापडली. पुढून चेपलेली, पण इंजिन शाबूत. आणि ते साधं नाही. मालकानं हौसेनं आतून सगळं मजबूत करून घेतलेलं, टर्बोसकट. आम्हाला जे एकेक करून जमवायचं होतं ते सगळं तयार, एका जागी. स्वस्तात ताकद हवी असेल तर दुसऱ्यानं आधीच खर्च केलेली वस्तू बघावी, हे तिचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. ब्रेकचे पैसे तिकडं वळले. ब्रेक नंतर बघू, म्हणाली. मी भंगारवाल्याला फोनवर एवढंच विचारलं, "मानूस गेला का हो त्यात?" तो म्हणाला, "काका, इंजन पायजे का पंचनामा?" पोरगी शेजारी उभी राहून हसत होती. मी फोन ठेवला.

तेव्हा तुमची आठवण झाली नाही असं नाही. पाटोद्याचं ते घर मला अजून दिसतं. घाटात पडलेल्या ट्रकचा गिअरबॉक्स तुम्ही घेतलेला, आणि तो दुसऱ्या ट्रकला बसवायच्या आधी मला सायकलच्या दांडीवर बसवून त्या ड्रायव्हरच्या घरी नेता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे राहता. त्याची बायको चुलीपुढं भाकरी थापते आहे. तुम्ही म्हणता, "भाभी, तुमच्या मालकाच्या गाडीचं सामान दुसऱ्या गाडीला लावतोय. लावू का?" ती वर न बघता म्हणते, "लावा." मग तव्यावरची भाकरी काढून तुमच्या हातावर ठेवते. धूर एवढा की तिचे डोळे त्यानंच ओले आहेत की कशानं, कळत नाही. परत येताना मला हसू फुटलं. लोखंडाची परवानगी बाईला विचारायची! तुम्ही सायकल थांबवलीत. "हसतो काय बे? मानूस मरतो, सामान मरत न्हाई. मालक बदलला हे सामानाला कोन सांगनार? घरच्यांनीच सांगायला पायजे ना?" मेलेल्याच्या गाडीचा नटसुद्धा तुम्ही कधी इजाजतीशिवाय लावला नाहीत. तालुक्यातले सगळे मिस्त्री तेव्हा तसंच करायचे. आता कोण कुणाच्या घरी जातं? गाड्या कुठल्या कुठं जातात.

इंजिन बसवलं. तुम्हाला माहीत आहे, नव्यानं बसवलेलं इंजिन पहिल्या किल्लीला लागत नाही. खोकतं, रुसतं, काहीतरी राहिलेलं असतं. हे किल्ली पुरती फिरायच्या आत लागलं. पोरगी टाळ्या वाजवत होती. मला मात्र असं वाटलं की आत कुणीतरी कधीचं तयार होऊन बसलं होतं, आणि आम्हीच उशीर केला.

पुढच्या वेळी ती पुण्याहून आली तेव्हा पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "अण्णा, ते कडा गाव आहे ना, त्याच्या अलीकडं गाडी पुढं ओढते. मी पेडलवरून पाय काढला तरी." त्या रस्त्याला साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, काही नाही. तिनं कॉम्प्युटर जोडला. त्यात पेडल दाबलेलं दिसत होतं. पेडलचा सेन्सर बदलला, वायरी बदलल्या. मी केबल, स्प्रिंगा, पायाखालची चटईसुद्धा बघितली. जाताना पुन्हा तेच, आणि तिथंच. चाकणला, हायवेला, इतर कुठंही गाडी गुणी. ती फोनवर म्हणाली, "तिथं कुणीतरी माझ्या पायावर पाय ठेवल्यासारखं वाटतं." मग स्वतःच हसली. मी हसलो नाही.

मी भंगारवाल्याच्या मागं लागलो. त्यानं वैतागून सांगितलं. गाडी कड्याच्या एका पोराची होती. पुण्याकडं एका कारखान्यात कामाला होता. घरी येताना गावाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला.

पोरीला न सांगता मी एसटीनं कड्याला गेलो. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्या पोराचं घर. म्हातारी ओसरीवर तूर निवडत बसलेली. मी पायरीशी चप्पल काढली, तुमच्यासारखा उभा राहिलो, आणि तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "इंजन तुमच्याकडं हाय का?"

मी म्हणालो, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकू येतंय की. गेल्या ऐतवारी दुपारी तुमच्या अंगनात चालू केलं. मग बंद केलं. मग लई येळ चालू ठिवलं. खरं का खोटं?"

खरं होतं. कुठं कडा आणि कुठं माझं शेड, उस्ताद. मधे जामखेड, मधे पाटोदा, मधे घाट. मी पायरीवरच बसलो. ती तूर निवडत राहिली. म्हणाली, "आवाज आला की मी चूल पेटवते. भाकरी टाकते. त्याला गरम लागायची. कुनी येत न्हाई. शेजारनी म्हनत्यात म्हातारी बिघडली."

मी हात जोडले आणि तुमचेच शब्द म्हणालो. लावू का? तिनं तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "लावा. मनापासून म्हनते. पोरगी हाय ना तुमची? तिला लाभू द्या. पन मला ऐकू येनार न्हाई तितं ठिवा. ह्या मुलखात आनू नका. त्याला रस्ता म्हाईत हाय म्हनून येतोय तो. इसरू द्या त्याला."

"आणि आणली तर?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तर तो घरी येनार. मी आई हाय, कितीदा नगं म्हनू? तुमच्या पोरीला म्हनावं, त्याच्यासंगं येऊ नगं."

परत येताना एसटीत मी विचार करत होतो. गाडी ओढते म्हणून म्हातारी भाकरी टाकते, की ती भाकरी टाकते म्हणून गाडी ओढते? पोरीला फोनवर सांगितलं की इंजिनाचा मालक होता त्या पोराच्या घरी जाऊन आलो, त्याच्या आईनं लावा म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही पण ना, अण्णा! बरं केलंत. आता नाही ना ओढणार?" मी म्हणालो, बघू. पुढचं सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी चाकणलाच राहणार. मग शनिवारी ती कशाला येईल? आमच्याकडं बोलायला दुसरं काय आहे? पुन्हा ती दिवाळीची पिशवी, पुन्हा ते दोन ताटांमधलं गप्प जेवण.

आज ती येते आहे. नवे ब्रेक मिळालेत, ते माझ्या शेडात बसवायचेत. म्हणजे येताना जुन्याच ब्रेकवर, कडा गावावरूनच येणार. जेवून निघते म्हणाली. उसाचा हंगाम जोरात आहे, सकाळपासून माझ्या दारावरूनसुद्धा ट्रॉल्या जात आहेत. बसनं ये, ब्रेक तिथंच कुणाकडून बसवून घे, एवढं म्हटलं की झालं. काय करायचं ते मला कळतं, त्यासाठी तुमची गरज नव्हती. हे पत्र कुठं टाकायचंही नाही. खरं सांगतो, उस्ताद, फोन इथंच शेजारी पडला आहे, आणि हातात पेन आहे तोवर तो उचलावा लागत नाही.