धाकटीच्या पदवीला जामीन राहण्याबद्दल

ती. काकांना,

साष्टांग नमस्कार. राग आला आहे म्हणून नमस्कार आखडता घेतलेला नाही, तेवढे संस्कार शिल्लक आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का? (झालं नसेल तर हे पत्र त्यांना आज दाखवू नका.) मी बरी आहे. वजन उतरलंय, आईला वाटतं मी व्यायाम करते.

तुमचं पत्र पोचलं. धाकटीला अकाउंटिंगच्याच पदवीला घालायचं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. पैसे भरायची मुदत या आठवड्यात संपते, कर्ज काढायचंय, तुमचं वय आता जामीन राहण्यात बसत नाही, तेव्हा तुमच्या लेकीसाठी सही मी करायची. वर लिहिलंय की ती तिच्या ताईच्या पावलावर पाऊल टाकते आहे. काका, ती पावलं कुठे जाऊन रुतलीत ते एकदा बघून तरी लिहायचंत.

माझ्या वेळचं आठवतं का? तुम्ही कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक मांडीवर घेऊन बसला होतात. त्यात पदवीधरांची सरासरी मिळकत ठळक अक्षरांत छापली होती. ती तुम्ही बारानं गुणलीत, मग दहानं गुणलीत, त्यातून कर्ज वजा केलंत आणि उरलेल्या रकमेत मला फ्लॅट घेऊन दिलात. व्याज धरायचं राहिलं. कर राहिला. त्या दहा वर्षांत मी जेवणार आहे हेही राहिलं. (तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात हे मान्य, पण जेवण भूगोलातही असतं.) आणि ती सरासरी कशी निघाली ते मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्या आधीच्या तुकडीत एका कारखानदाराचा मुलगा होता, त्याला बापानं निकालाच्या दुसऱ्या दिवशी डायरेक्टर केलं. त्याचा पगार सगळ्या वर्गात वाटून छापला होता. कागदावर वाटला, हातात कुणाच्या आला नाही.

तरी तुम्ही मोठे, तुम्ही विचारलंत, म्हणून मी परवा जेवणाच्या सुट्टीत माझ्याच पदवीचा हिशेब रीतसर मांडला. आमच्या ऑफिसात कच्च्या कागदावर ग्राहकाचं नाव घालत नाहीत, नुसतं अक्षर घालतात. सवयीनं हात चालला आणि मी वर ‘ग्राहक: अ’ असं टाइप केलं. एका बाजूला पगार. दुसऱ्या बाजूला कर्जाचा हप्ता (पगाराचा तिसरा हिस्सा), खोलीचं भाडं, बस, जेवण, आईला पाठवते ते. प्रिंटरवर कागद काढला, तेवढ्यात फोन आला, आणि शिपाईकाकांनी तो उचलून साहेबांच्या तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवला. संध्याकाळी लाल शाईनं भरून परत आला.

पहिला शेरा असा, की इतके हप्ते भरूनही मुद्दल जागचं हललेलं नाही, हे कर्ज घ्यायचा सल्ला ग्राहकाला कोणी दिला? (हा शेरा मी तुमच्यासाठी जसाच्या तसा उतरवला आहे.) दुसरा असा, की उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येतं आणि ते गिऱ्हाईक याला लुटतंय, ताबडतोब सोडावं. आणि तळाशी दोनदा अधोरेखित: हा धंदा सावरणं कठीण, बंद करावा, आपली फी आधी घ्यावी.

मी सरळ केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की अ म्हणजे मी आणि लुटणारं गिऱ्हाईक म्हणजे आपण. साहेबांनी कागद मागून घेतला, दुसरा शेरा खोडला, दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे आपली आद्याक्षरं घातली आणि कागद परत दिला. बाकीचे शेरे कायम. पगारवाढीचं विचारलं तर म्हणाले, ‘‘तुझं खरं आहे गं, पण माझ्याही मुलाचं शिक्षणाचं कर्ज चालू आहे.’’ कशाच्या शिक्षणाचं, विचारलं. अकाउंटिंगच्या.

काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. महिनाअखेरीला दोन्ही बाजू जुळल्या की जीव शांत होतो. राग याचा येतो, की पोरीला आवड आहे असं दिसलं की ती वस्तू तिला वाटेल त्या भावानं विकतात आणि घरचेच दलाली करतात. धाकटीला हिशेब आवडतो ना, मग शिकू दे. संध्याकाळचे वर्ग आहेत, फी निम्म्याहून कमी, दिवसा नोकरी करता येते. पण त्यांची पाटी छोटी, आणि तुम्हाला हवी कमान, चार लोकांत सांगायला. सांगणार तुम्ही, फेडणार ती. मी सही करणार नाही. यावर पुन्हा लिहू नका.

तुमची (चिडलेली, पण तुमचीच)
पुतणी

ता. क. पाकीट बंद करायच्या आत धाकटीचा फोन आला. ‘‘ताई, तू सही करणार ना? मी सगळ्या मैत्रिणींना सांगून बसले.’’ मी हो म्हणाले. म्हणून आज रजा टाकून बँकेत गेले आणि सही केली. काउंटरवरच्या बाईंनी माझा पगार पाहिला, चालू हप्ता पाहिला आणि फॉर्म परत सरकवला. एवढ्या मिळकतीवर या कर्जाला जामीन राहता येत नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, मी याच कॉलेजची, हीच पदवी घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, ‘‘ते दिसतंय.’’

दुसरा ता. क. खरी विनंती अशी, की बँकेनं नाही म्हटलं एवढंच धाकटीला सांगा. का, ते सांगू नका. तिला वाटतं ताई मोठ्या ऑफिसात साहेब आहे. तिला तसंच वाटत राहावं असं मला फार वाटतं.

तिसरा ता. क. दुसरा रद्द समजा. माझ्यापासूनही सगळ्यांनी मायेनंच लपवलं होतं. हे पत्र तिच्याच हातात द्या आणि शेजारी बसून समजूत घालू नका. ती रडेल. आत्ता रडली तर फुकट आहे, कर्ज घेतल्यावर त्याच रडण्यावर व्याज चढतं.